ताईंचं पोट भरतंय, पण ते तृप्तीनं नाही

वाचकाचं पत्र

आम्ही दोघी बहिणी एकाच घरात राहतो. मी 44 वर्षांची, ताई 57 ची. ताईला 15 वर्षांपासून मधुमेह आहे. पाच महिन्यांपूर्वी मी वजन कमी करायचं मनावर घेतलं, तेव्हा ताई म्हणाली, तू जे खाशील तेच मी खाते. तेव्हापासून दोघींचं ताट एकसारखं असतं. मोठा वाडगाभर सॅलड, भाज्यांचं पातळ सूप, एखादं फळ आणि जेवणाआधी दोन ग्लास पाणी. जेवताना माझं पोट टम्म होतं, पण तासाभरात आतून कोणी खरवडतंय असं वाटायला लागतं. रात्री अकराला मी स्वयंपाकघरात उभी राहून बिस्किटांचा पुडा संपवते. पाच महिन्यांत जेमतेम दीड किलो उतरलं. ताईचं मात्र चार घासांत पोट भरतं. "बास, आता एक घासही नको" म्हणून ती ताट सरकवते. दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत तिथंच बसलंय म्हणते, ढेकरा देत राहते, पण कुरकुर करत नाही. तिचं वजन 64 वरून 57 किलोवर आलं. सगळे तिचं कौतुक करतात आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटतो. तिच्यासारखं माझंही पोट लवकर भरावं म्हणून काय करू? भूक कमी करणारी इंजेक्शनं निघालीत म्हणतात, ती घ्यावीत का?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही विचारलंय स्वतःबद्दल, पण मी आधी ताईंबद्दल बोलणार आहे. पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझी नजर तिथंच अडली.

वय 57, मधुमेह 15 वर्षांचा, चार घासांत भरणारं पोट आणि पाच महिन्यांत गेलेले सात किलो. सगळ्यांना वाटतंय की आहारामुळे वजन उतरलं, कदाचित ताईंनाही तसंच वाटत असेल. पण त्या ताट सरकवतात त्यामागे निश्चय दिसत नाही. आत जागाच उरत नाही म्हणून त्या सरकवतात. मनात नसताना सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या 5 टक्क्यांहून जास्त घट झाली, तर तिचं कारण शोधायलाच हवं असं डॉक्टर मानतात. ताईंची घट 11 टक्क्यांच्या घरात जाते. त्यातला काही वाटा सॅलडचा असेलही. तरी याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.

मी इतक्या घाईनं सांगतेय त्याला कारण आहे. माझी मावशी साठीची असताना अशीच बारीक होत गेली. आयुष्यभर अंगानं भरलेली बाई, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "किती छान दिसायला लागलीस!" मीही म्हटलं, आणि तेव्हा माझ्या हातात आहारशास्त्राची पदवी होती. मग एकदा तिच्याकडे राहायला गेले होते, रात्री तिला उलटी झाली. भांडं धुवायला मी घेतलं. त्यात मटारचे दाणे होते, सालासकट, जवळजवळ अख्खे. त्या दिवशी घरात मटार शिजलेच नव्हते. ते आदल्या दिवशी दुपारी खाल्लेले होते. पुढे तपासात कळलं की जठराच्या खालच्या तोंडाशी जुना व्रण होता आणि तो भरता भरता ते तोंड आवळत गेलं होतं. उपचार झाले, मावशी बरी झाली, नंतर कितीतरी वर्षं चवीनं जेवली. पण आठ महिने आम्ही सगळे तिच्या आजाराला शाबासकी देत होतो, हे मला अजून सलतं.

ताईंना हेच असेल असं मी म्हणत नाही. पत्रावरून कोणी निदान करू नये. पण कुठे कुठे बघायला हवं, ते मी सांगू शकते.

आपण "पोट भरलं" हे दोन शब्द किती वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो बघा. जेवून समाधान झालं तरी पोट भरलं. जास्त खाऊन तडस लागली तरी पोट भरलं. वायूनं पोट फुगून गुबारा धरला तरी तेच, आणि सुरुवात करताच घास पुढे जाईना तरी तेच. ताईंचं "बास" आणि तुम्हाला हवं असलेलं "बास" उच्चाराला सारखं आहे, पण शरीरात त्यांची गावं वेगळी आहेत. डॉक्टरांकडे गेल्यावर ताईंनी नुसतं "पोट जड वाटतं" म्हणू नये. किती घासांनंतर भरतं, किती तास तसंच राहतं, दुखतं का, मळमळतं का, अन्नावरची वासना उडाली आहे की भूक लागते पण खाववत नाही, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगायला हवं. शेवटच्या दोन गोष्टींतला फरक फार महत्त्वाचा असतो आणि तो बहुतेक वेळा कोणी विचारतही नाही.

रिकामं जठर मुठीएवढं असतं. पहिला घास खाली उतरला की त्याचा वरचा भाग सैल पडायला लागतो आणि जेवण संपेपर्यंत त्यात लिटरभर, कधी दीड लिटरही मावतं, तेही आतला दाब फारसा न वाढता. हे सैल पडणं व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या हातात असतं. खालचा भाग जात्याचं काम करतो. मिनिटाला साधारण तीन लाटा उठतात, अन्न दळलं जातं आणि कण एक-दोन मिलिमीटरचे झाले की खालचं दार ते थोडे थोडे आतड्यात सोडतं. पाण्याला दळायची गरज नसते, त्यामुळे प्यायलेल्या पाण्यातलं निम्मं दहा-वीस मिनिटांत पुढे निघून गेलेलं असतं. घन जेवणाला वेळ लागतो. निम्मं जायला दोनेक तास, आणि चार तासांनी दहावा हिस्सा उरला तर उरला. हे आकडे ध्यानात असू द्या, तुमच्या प्रश्नालाही ते लागणार आहेत.

आता जठराचा वरचा भाग वेळेवर सैल पडलाच नाही, तर चार घासही चाळीस घासांसारखे दाटतात. ज्यांना जेवल्यावर अशी तक्रार असते आणि तपासण्यांत दुसरं काही सापडत नाही, त्या दुखण्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. बेल्जियममधल्या यान टाक यांच्या गटानं 1998 मध्ये अशा रुग्णांची जठरं तपासली, तेव्हा साधारण 40 टक्के लोकांत हे सैल पडणंच कमी झालेलं आढळलं. इतकी वर्षं या लोकांना "सगळं मनाचं आहे" असं सांगून परत पाठवलं जात होतं. आठवड्यातून निदान तीन दिवस जेवण जड होऊन बसतं किंवा नेहमीचं जेवण पुरं करवत नाही, असं तीन महिने चाललं आणि सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची असली, तर ते या निदानाच्या व्याख्येत बसतं. 2016 पासून जगभर हेच निकष वापरतात. मात्र हे नाव द्यायचं ते बाकी सगळं तपासून झाल्यावर.

बिघाड जात्यातही होऊ शकतो, आणि ताईंच्या बाबतीत मला ही शंका जास्त येते. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की व्हेगस मज्जातंतूला इजा होते, लाटा मंदावतात आणि अन्न तासन्‌तास पडून राहतं. त्याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात, म्हणजे जठराची चाल मंदावणं. दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत तिथंच बसल्यासारखं वाटणं हे त्याचं अगदी ठरलेलं लक्षण. ताई जेवणाआधी इन्सुलिन घेत असतील तर यात एक धोकाही आहे. इन्सुलिन आपल्या वेळेवर कामाला लागतं, अन्न मात्र आतड्यात पोचलेलंच नसतं. मग जेवून तासाभरात साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, आणि तीन-चार तासांनी उशिरा पोचलेल्या अन्नामुळे साखर उसळते. लोक म्हणतात, "हिची साखर कशीही वागते." खरं तर जठराचं वेळापत्रक चुकलेलं असतं. म्हणून साखर मोजायचं यंत्र घरात असेल तर तीन-चार दिवस जेवणाआधी, जेवून दोन तासांनी आणि चार तासांनी मोजून लिहून न्या. इन्सुलिनची वेळ वा मात्रा स्वतःच्या मनानं बदलू नका.

तपासणीत बहुधा आधी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून केलेली जठराची तपासणी, होईल, कारण व्रण, अडथळा किंवा गाठ नाही ना हे डोळ्यांनी बघायला लागतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी होईल. हा जंतू 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातून वाढवून दाखवला. मार्शल तर दोन वर्षांनी तो स्वतः प्यायले, आजारी पडले आणि तपासून घेतलं, तेव्हा जठराला सूज सापडली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जंतू सापडला तर औषधांचा कोर्स घेऊन तो जातो आणि काहींची जडपणाची तक्रारही त्याबरोबर जाते. एंडोस्कोपी स्वच्छ आली तर जठर किती वेगानं रिकामं होतं याचा स्कॅन असतो. किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळलेलं हलकं जेवण देतात आणि चार तास ठरावीक वेळांना फोटो घेतात. चार तासांनी 10 टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर चाल मंद आहे असं समजतात. तुमच्या ताई दिवसभर जे सांगतायत, तेच हा स्कॅन आकड्यात मांडतो.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं, रोजचं पोट फुगणं आणि थोडक्यात पोट भरणं हे अंडाशयाच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं. बहुतेकींना ते निघत नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण या आजारात पोटाचीच तक्रार पुढे येते, बाई ती पचनाची समजून महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहते आणि वेळ जातो. पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्या आणि सीए-125 ही रक्ततपासणी हवी का, हे डॉक्टरांना तुम्हीच विचारा. गिळताना अडकणं, वारंवार उलट्या, काळी शी, रक्त पडणं किंवा कावीळ यांतलं काही दिसलं तर आठवड्याचीही वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

जाताना ताईंच्या सगळ्या औषधांची पिशवी उचलून न्या. तीव्र वेदनाशामक, काही अ‍ॅलर्जीच्या आणि मनाच्या आजारांच्या गोळ्या जठराची चाल मंदावतात. मधुमेहासाठी दिली जाणारी काही इंजेक्शनं तर ठरवूनच तसं करतात. शौचाला साफ होतं का, हेही विचारा. बद्धकोष्ठ असलं की वरचं अन्नही रेंगाळतं आणि ते सुटलं की अर्धी तक्रार कमी झालेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

आणि आजपासून ताईंचं ताट तुमच्यापासून वेगळं करा. ही या उत्तरातली सर्वांत तातडीची गोष्ट आहे, कारण तुम्ही दोघी जे खाताय ते त्यांच्यासाठी जवळजवळ उलटं आहे. कच्चं सॅलड म्हणजे चोथा, आणि मंद जठराला चोथा दळता येत नाही. कधी कधी तो तिथंच साचून त्याचा गोळा बनतो. जेवणाआधीचे दोन ग्लास पाणी जी काही थोडी जागा आहे ती अडवतात. निदान होईपर्यंत त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. मऊ शिजवलेलं, साल काढलेलं, घोटलेलं. तेल-तूप बेतानं, कारण जठराची चाल सर्वांत जास्त स्निग्ध पदार्थांनी मंदावते. घासच जात नसेल तर दाट सूप, दूध, पातळ केलेली डाळ अशा रूपात द्या. द्रव पदार्थ दळावे लागत नाहीत, त्यामुळे जिथं घन अन्न अडतं तिथं ते पुष्कळदा निघून जातात. जेवल्यावर त्यांना आडवं होऊ देऊ नका, जमलं तर दोघी दहा-पंधरा मिनिटं चालून या. मधुमेह आहे, त्यामुळे या बदलाची कल्पना त्यांच्या डॉक्टरांना द्या. वजन आठवड्यातून एकदा करून तारखेसह लिहा, आणि ते उतरलं म्हणून शाबासकी देऊ नका.

आता तुमच्याकडे येते.

तुम्हाला तासाभरात भूक लागते त्यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही, आणि हे मी समजूत घालायला म्हणत नाही. ताट काय केलंत ते बघा. पाणी, पातळ सूप, पानं, फळ. यानं जठर ताणलं जातं, मेंदूला "भरलं" असा निरोप जातो आणि तुम्ही थांबता. वीस मिनिटांनी पाणी निघून गेलं, पाठोपाठ सूप गेलं, ताण उतरला. आतड्यात पोचलं काय, तर अगदी थोडं. जेवताना थांबवणारी तृप्ती वेगळी आणि पुढच्या जेवणापर्यंत टिकणारी तृप्ती वेगळी. पहिली बरीचशी ताणामुळे येते. दुसरीला आतड्याची साक्ष लागते. प्रथिनं आणि स्निग्ध अंश लहान आतड्यात पोचले की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते भूक आवरतं, हे 1973 मध्येच उंदरांवर दाखवलं गेलं. आणखी खाली पीवायवाय आणि जीएलपी-1 ही संप्रेरकं सुटतात. ते जठराला सांगतात, जरा दमानं सोड. तुमच्या ताटानं आतड्यापर्यंत असा निरोप पोचवण्याजोगं फारसं काही पाठवलंच नाही.

1995 मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी 38 पदार्थ घेतले, प्रत्येकाचा 240 कॅलरींचा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारलं, किती भरल्यासारखं वाटतंय? पांढऱ्या ब्रेडला 100 गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला 323 मिळाले, सगळ्यांत जास्त. सगळ्यांत खाली होता क्रोसाँ नावाचा भरपूर लोण्याचा पाव, 47. कॅलरी तेवढ्याच, आणि फरक जवळजवळ सातपट! वजन कमी करायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा बटाटा बंद करतात, त्याचं मला दरवेळी वाईट वाटतं. साधा उकडलेला बटाटा बिचारा इतकं काम करतो. त्याला तळून आपण त्याची तऱ्हा बदलतो आणि दोष त्यालाच देतो.

त्यामुळे सॅलड काढू नका, त्याला सोबत द्या. प्रत्येक मुख्य जेवणात 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं यायला हवीत. दोन अंड्यांत 12-13 ग्रॅम असतात, मोठी वाटीभर घट्ट शिजलेल्या मसुरात 17-18. दही, पनीर, मासे, जे तुमच्या घरात चालतं ते घ्या. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.) जेवणाआधीचं पाणी जेवणातच मुरवलं तर जास्त टिकतं. अमेरिकेतल्या आहारशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स यांनी 1999 मध्ये हे फार सुंदर दाखवलं. तेच पदार्थ एका वेळी कोरडे देऊन सोबत ग्लासभर पाणी दिलं आणि दुसऱ्या वेळी तेच पाणी घालून सूप करून दिलं. सूप प्यायलेल्या बायका पुढच्या जेवणात कमी जेवल्या. म्हणजे तुमचं सूप चांगलंच आहे, फक्त त्याला दाटपणा हवा. त्यात डाळ, कडधान्य, भाज्यांचे तुकडे पडू द्या, चावायला काही असू द्या. अन्नातले तंतू, म्हणजे चोथा, दिवसाला 25-30 ग्रॅमपर्यंत न्यायचे, पण दोन-तीन आठवडे घेऊन, नाहीतर गुबारा धरेल आणि तुम्ही तृप्ती समजून नुसता वायू सोसत बसाल.

बिस्किटांचंही सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी 20 जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, तंतू सारखे, खा हवं तेवढं. पहिल्या प्रकारच्या अन्नावर लोकांनी रोज साधारण 500 कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि भराभर खाल्ल्या. हा अभ्यास 2019 मध्ये छापून आला. मऊ, कोरडं, दोन चावांत विरघळणारं अन्न तृप्तीचा निरोप निघायच्या आतच संपतं. रात्री अकराला उभ्यानं पुडा संपतो तो म्हणून.

"उभी राहून" असं तुम्ही लिहिलंत आणि ते फार कामाचं आहे. खाल्ल्याची आठवण हासुद्धा तृप्तीचा भाग असतो. 1998 मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी स्मृती पार गेलेल्या दोन रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांना जेवण दिलं, ते जेवले. दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट समोर ठेवून "जेवायची वेळ झाली" म्हटलं, ते पुन्हा जेवले. तिसऱ्यांदाही ताट आलं तर घास घ्यायला तयार. जठर भरलेलंच होतं, पण जेवल्याचं आठवत नव्हतं. आपण पडद्याकडे बघत किंवा ओट्याशी उभं राहून जेवतो, तेव्हा थोडंसं असंच करत असतो. रात्री खावंसं वाटलं तर खाच, पण ताटलीत वाढून घ्या आणि खुर्चीवर बसा. मी माझ्याकडे येणाऱ्यांना निम्मं जेवण झाल्यावर हातातला घास खाली ठेवायला सांगते आणि बरगड्यांच्या खाली, मधोमध, तळवा टेकवून पाच-सहा श्वास घ्यायला सांगते. आत काय आहे? ताण आहे, ऊब आहे की पोकळी? पहिले काही दिवस काहीच कळत नाही. पंधरवड्यानंतर बऱ्याच जणांना कळायला लागतं की खरी तृप्ती "टम्म"च्या बरीच आधी येऊन गेलेली असते. मग चव जराशी उतरते आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागत नाही.

आणि वजन उतरल्यावर भूक वाढते, हे गृहीतच धरा. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात (2011) लोकांचं वजन दहा आठवड्यांत उतरवलं आणि वर्षानंतर रक्त तपासलं. भूक चेतवणारं घ्रेलिन अजून चढलेलं, भूक आवरणारं लेप्टिन अजून उतरलेलं. शरीर वर्षभर जुन्या वजनाची वाट बघत होतं. म्हणून मी तुम्हाला उपाशी राहायला लावणारा कुठलाही आहार देणार नाही. पाच महिन्यांत दीड किलो गेलं, ते परत आलं नसेल तर ते काही कमी नाही.

इंजेक्शनांबद्दल. ती आपल्याच जीएलपी-1 ची नक्कल आहे. आपलं संप्रेरक रक्तात दोन मिनिटांत निम्मं होतं, या इंजेक्शनांतलं सेमाग्लुटाइड हे औषध निम्मं व्हायला आठवडा लागतो. त्यामुळे भूक खरोखर कमी होते, वजन उतरतं, आणि ज्यांना स्थूलतेचा आजार आहे त्यांच्यासाठी ते मोठं साधन आहे. ते घेणाऱ्या कोणालाही मी आळशी म्हणणार नाही. पण मळमळ, उलट्या, अन्न छातीशी बसणं हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचं एका मोठ्या चाचणीत दिसलं. तुमचं वजन-उंचीचं प्रमाण आणि इतर आजार पाहून तुमच्या डॉक्टरांनी सुचवलं तर जरूर विचार करा. फक्त ताईंसारखं व्हावं म्हणून घेऊ नका. आणि ताईंना कोणी ते वजनासाठी सुचवलं, तर त्यांच्या जठराची चाल तपासल्याशिवाय हो म्हणू नका.

हेव्याचं म्हणाल तर त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. तुम्ही तो मोकळेपणानं लिहिलात म्हणूनच ताईंचे चार घास माझ्यापर्यंत पोचले. त्यांच्याशी बोलताना मात्र "तुला काहीतरी झालंय" अशी सुरुवात करू नका. पाच महिने कौतुक ऐकलेल्या माणसाला तो धक्का वाटतो, आणि कुरकुर न करणारी माणसं अशा वेळी आणखी गप्प होतात. शेजारी बसा आणि विचारा, "ताई, पूर्वी तुला भूक लागायची तशी हल्ली लागते का गं?" मग उत्तर येईपर्यंत थांबा. आज रात्री त्यांना मोजके चारच घास वाढा, गरम आणि मऊ, आणि दोन तासांनी पुन्हा विचारा, अजून थोडं घेतेस का म्हणून.

डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा.